न्यूट्रल, हँडब्रेक आणि पाच दारं : जुन्या क्वालिसला रिमोट स्टार्टर

माझी आई, आम्ही तिला माय म्हणतो, जानेवारी २०२५ पासून डायलिसिसवर आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. आम्ही राहतो अमळनेरला, डायलिसिस धुळ्याला. दुपारी तीनची पाळी मिळाली, म्हणजे घरातून सव्वा एकला निघायचं. एप्रिलमधला दुपारचा सव्वा एक म्हणजे काय, हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको.

गाडी आमची २००४ सालची डिझेल क्वालिस. वडिलांनी घेतलेली. मायला त्याच गाडीत बरं वाटतं, कारण सीट उंच आहे आणि व्हीलचेअरवरून सरकून बसता येतं. अडचण एकच. अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी असली तरी दुपारी आतून भट्टी होते. डायलिसिसच्या माणसाला दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं. घामाघूम झालं, घसा सुकला, तरी वाटेल तेव्हा तांब्या तोंडाला लावता येत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी, ऊन अजून कोवळं असतानाच, ती गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, “मले पानी दे रे, थोडंसं.” मी अर्धा घोट दिला. धुळ्यापर्यंत दोघंही गप्प होतो. त्या रात्री ठरवलं की मार्च संपायच्या आत गाडी आधीपासून थंड करण्याची सोय करायची, म्हणजे लांबूनच बटन दाबून इंजिन आणि एसी सुरू करणारा रिमोट स्टार्टर बसवायचा.

बरेच जण म्हणाले, आधी जाऊन गाडी सुरू करून ये, त्यात काय एवढं? घरात दुसरं कोणी असेल तर खरंच काही नाही. मी एकटा असतो. त्या दहा मिनिटांत तिला खाटेवरून उठवून खुर्चीत बसवायचं, फिस्टुलाच्या (डायलिसिसची सुई टोचतात त्या) हाताला धक्का लागू द्यायचा नाही, चपला, फाईल, औषधं घ्यायची. तेवढा वेळ किल्ली लावलेली, दार उघडं, इंजिन चालू अशी गाडी गल्लीतल्या पोरांसमोर सोडायला मन धजावत नव्हतं.

खर्च करण्याआधी कागद पाहिले, आणि तुम्हीही तेच आधी पाहा. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. आमची २०१९ ला झाली, मग ऑगस्ट २०२४ ला. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत. १ एप्रिल २०२२ ला मोटारीची ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. त्यावर पर्यावरण कर, चालू विमा, पीयूसी, आणि गाडी निरीक्षकापुढे उभी करायला जळगावच्या आरटीओची एक पूर्ण दिवसाची खेप. आरसीची मुदत संपत आली असेल तर आधी ते काम उरका. उंबरठ्यावरच्या गाडीत वीस-पंचवीस हजार घालू नका. नवी एचएसआरपी (जास्त सुरक्षेची नंबर प्लेट) पाटी बसवायची राहिली होती, तीही याच काळात बसवली. ७४५ रुपये अधिक जीएसटी.

जळगावच्या खिडकीवर रिमोट स्टार्टरबद्दलही विचारलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, म्हणून मनात धाकधूक होती. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. आरसीवर जे नोंदलेलं असतं, इंजिन, इंधन, बॉडी, सीटा, त्यातलं काही बदलत नाही, मग नोंद कसली करायची, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण शेजारी उभ्या असलेल्या एका निवृत्त मोटार ड्रायव्हिंग शिक्षकांनी मला कलम १२६ वाचायला सांगितलं, आणि त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर एक तर चालकाच्या सीटवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून, ब्रेक लावून, गाडी आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था हवी. म्हणजे रस्त्यावर, बाजारात, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये रिकामी गाडी लांबून सुरू करायची नाही. मी हे यंत्र फक्त स्वतःच्या अंगणात वापरतो. घर रस्त्यालगत असेल आणि गाडी रस्त्यावरच लागत असेल तर माझं सांगणं स्पष्ट आहे, हे बसवू नका.

विम्याचं सोपं निघालं. आमचा नुसता थर्ड पार्टी आहे, त्यात अशा वस्तूंचं संरक्षण नसतंच. तरी कंपनीला पत्र लिहून पोच घेतली. ज्यांचा पूर्ण विमा आहे त्यांनी आयएमटी २४ हे कलम विचारावं. गाडीत नंतर बसवलेल्या विजेच्या वस्तूंसाठी ते असतं, त्या वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता पडतो.

पहिला प्रयत्न फसला. ९ मार्च, रविवार. जवळच्याच एका दुकानात ५,२०० रुपयांत किट आणि फिटिंग ठरलं. तीन तासांत काम झालं. रिमोट दाबला, गाडी सुरू झाली, मला फार आनंद झाला. “फक्त न्यूट्रलमध्ये ठेवत जा,” एवढंच सांगून त्यांनी गाडी दिली.

आता आमच्या घरात गाडी उभी करायची रीत अशी की हँडब्रेक ओढायचा आणि पहिला गिअर टाकून ठेवायचा. वडिलांनी शिकवलेलं. वीस वर्षांची सवय एका वाक्याने जात नाही. मंगळवारी, ११ तारखेला, मी ओट्यावरून बटन दाबलं. गाडी गिअरमध्ये होती. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरला तशी गाडी हिसका देऊन दोन हात पुढे आली, तुळशीच्या ओट्याला टेकली आणि बंद पडली. त्या वेळी हँडब्रेकही सैल होता, हे नंतर कळलं. तुळशीसमोर कोणी नव्हतं. पण रोज त्याच वेळी शेजारची आजी तिथे पाणी घालायला येते. मी रिमोटची बॅटरी काढून ठेवली आणि दहा दिवस त्याला हात लावला नाही.

दुसरा दोषही त्याच किटमध्ये होता. कधी कधी इंजिन सुरू झालेलं असतानाही यंत्र पुन्हा सेल मारायचं. इंजिनच्या फिरत्या चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दात घासल्याचा कर्रर्र आवाज यायचा. कारण मला नंतर समजलं, आणि जुनी डिझेल गाडी असलेल्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं म्हणून सविस्तर लिहितो.

पेट्रोल गाडीत स्पार्कच्या तारेवरून यंत्राला कळतं की इंजिन फिरतंय. डिझेलमध्ये स्पार्कच नसतो. म्हणून स्वस्त किट नुसतं बॅटरीचं व्होल्टेज बघतं. डायनामो चार्ज करायला लागला, व्होल्टेज चढलं, म्हणजे गाडी सुरू झाली असं ते धरतं. पण जुन्या डिझेलमध्ये हीटर प्लग (सुरू होताना इंजिन आतून तापवणारे) भरपूर करंट ओढतात आणि इंजिन सुरू झाल्यावरही काही वेळ ओढत राहू शकतात. त्यात बॅटरी जुनी. व्होल्टेज चढायला उशीर होतो, यंत्राला वाटतं गाडी सुरू झालीच नाही, आणि ते परत सेल मारतं. असं महिनाभर चाललं असतं तर सेल्फचे नाही तर फ्लायव्हीलचे दात गेले असते.

माझा मावसभाऊ धुळ्यात ट्रकच्या गॅरेजला जातो. त्याने एका वायरिंगवाल्या चाचांकडे नेलं. वय साठीच्या पुढे, आयुष्यभर ट्रक-बसच्या वायरिंगचं काम. त्यांनी माझी गोष्ट पूर्ण ऐकली आणि म्हणाले, “भाऊ, गाडी सुरू करणं दोन तारांचं काम आहे. नको तेव्हा सुरू होऊ न देणं, त्याचे पैसे घेतो मी.” त्यांनी सांगितलेलं किट मागवलं, ८,६०० रुपयांचं. त्यात डिझेलसाठी थांबण्याची वेळ लावता येते आणि हातगिअरच्या गाडीसाठी वेगळी पद्धत आहे. कुरियरला अकरा दिवस लागले. पहिल्या दुकानदाराने जुनं किट परत घेऊन १,५०० दिले. रिमोट ४३३ मेगाहर्ट्झचा आहे. कमी शक्तीच्या अशा रिमोटला आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही.

५ एप्रिलला, शनिवारी, माय डायलिसिसला आत गेली आणि मी गाडी चाचांकडे लावली. चार तासांत होईल असं वाटलं होतं. झालं नाही. तीन शनिवार लागले.

पहिल्या शनिवारी त्यांनी किटला हातच लावला नाही. नुसती गाडी तपासली. सेल मारताना मधूनच “टक” होऊन गाडी गप्प राहायची, ते आम्ही बॅटरीवर ढकलत होतो. सेल्फ खोलला तर आतले तांब्याचे पॉइंट खाल्लेले. एकवीस वर्षांत झिजणारच. ६५० रुपयांत बदलले. चार हीटर प्लगपैकी दोन मेलेले. उन्हाळ्यात पत्ताही लागत नाही, कारण आपल्याकडची हवाच हीटरचं काम करते. पण डिसेंबरच्या पहाटे, पारा दहाच्या खाली गेल्यावर, हेच दोन प्लग लागतात. तीन वेळा सेल मारल्यावर धूर काढत गाडी उठते ती याच्यामुळे. तुम्ही जवळ असता तेव्हा आवाजावरून थांबता. यंत्राला ते कळत नाही, ते बॅटरी संपेपर्यंत प्रयत्न करणार. चारही बदलले, १,६८०. बॅटरी पाचव्या वर्षात होती. जुनी देऊन नवी घेतली, ६,३००.

हे तिन्ही खर्च कधी ना कधी होणारच होते, पण मनाची तयारी नव्हती. म्हणून सांगतो, रिमोटसाठी जेवढे पैसे बाजूला काढाल तेवढेच गाडीच्या तब्येतीसाठी वेगळे काढा. किल्लीवर एका सेलमध्ये सुरू न होणाऱ्या गाडीला रिमोट लावणं चूक आहे.

दुसऱ्या शनिवारी, १२ एप्रिलला, खरं काम झालं. चाचांनी डायनामो खोलून आतल्या एका फेजची तार बाहेर काढली. इंजिन जितकं जोरात फिरेल तितके जास्त ठोके त्या तारेवर येतात, म्हणजे स्पार्क नसलेल्या गाडीलाही इंजिनची नाडी मिळाली. याचे वेगळे ४०० घेतले. मग किल्लीच्या स्विचमागचा तारांचा जुडगा उघडला. एकेका तारेला टेस्टर लावून, मला किल्ली फिरवायला सांगून ते कागदावर लिहीत गेले. कायम चालू कोणती, किल्ली लावल्यावर चालू होणारी कोणती, फक्त सेल मारताना जिवंत होणारी कोणती, आणि सेल मारताना तेवढ्यापुरती मरणारी कोणती. ही शेवटची ब्लोअरची, तिला वेगळा रिले (विजेवर चालणारा स्विच) हवा, नाहीतर गाडी सुरू होते पण एसीची हवा येत नाही. रंगावर त्यांनी एकदाही विश्वास ठेवला नाही. जोड सगळे सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. पहिल्या दुकानात तारा नुसत्या पिळून टेप मारला होता आणि उन्हाने त्याचा डिंक एका महिन्यातच ओघळायला लागला होता.

आमच्या किल्लीत चिप नाही, म्हणून त्या बाजूने काही करावं लागलं नाही. चिपवाली किल्ली असेल तर तिच्यासाठी वेगळं मॉड्यूल लागतं. काही जण दुसरी किल्लीच डॅशबोर्डच्या आत बांधून ठेवतात. ते मला पटत नाही, चोराचं निम्मं काम आपणच करून दिल्यासारखं होतं.

आणि दारं. हातगिअरच्या गाडीत गिअर कुठे आहे हे यंत्राला थेट कळत नाही, त्यामुळे सगळा भरवसा एका क्रमावर असतो. गाडी थांबवायची, इंजिन चालू ठेवायचं, न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, रिमोटचं बटन दाबायचं आणि किल्ली काढायची. किल्ली काढली तरी इंजिन चालूच राहतं. तुम्ही उतरता, दार लावता, लॉक करता, मग इंजिन आपोआप बंद होतं. याचा अर्थ शेवटचा माणूस उतरला तेव्हा गाडी न्यूट्रलमध्ये होती, नाहीतर क्लच सोडल्यावर ती बंदच पडली असती. यानंतर पाचपैकी एक दार जरी उघडलं तरी हे सगळं रद्द. आत कोणीतरी गेलं, त्याने गिअर टाकला असेल, असं धरून यंत्र सुरू व्हायला नकार देतं. काच उघडी ठेवायची नाही तीही यासाठीच, पोरं हात घालून दांडा हलवतात.

पण याला पाचही दारांचे स्विच चालू हवेत. आमच्या गाडीत मागचं दार आणि डावीकडचं एक दार उघडलं तर आतला दिवाच लागत नव्हता. गेली कित्येक वर्षं. आम्ही त्याला क्षुल्लक समजत होतो. पाचही स्विच बदलले, ४५०. तुमच्या गाडीत हे आज तपासा, पैसे लागत नाहीत. एकेक दार उघडून दिवा बघा.

तिसऱ्या शनिवारी, १९ तारखेला, बॉनेटखाली स्विच बसवला. बॉनेट उघडं असताना गाडी सुरू होऊच शकत नाही, मिस्त्रीचे हात वाचतात. हँडब्रेकची तार जोडली, केबल ताणून घेतली. किल्ली न लावता ब्रेकचं पेडल दाबलं तर इंजिन बंद. सेलचे प्रयत्न फक्त दोन. चालण्याची वेळ दहा मिनिटं. हीटरसाठी थांबायची वेळ पंधरा सेकंद. नंतर चाचांनी स्वतः यंत्राला फसवून पाहिलं. गिअर टाकून, दार उघडून, हँडब्रेक सोडून, बॉनेट उचलून. प्रत्येक वेळी गाडीने नकार दिला, आणि प्रत्येक नकाराला ते मान हलवून “बरोबर” म्हणायचे. मजुरी ३,५००.

हिशेब लिहून ठेवलाय तो देतो. किट, मजुरी, डायनामोची तार, दारांचे स्विच, पॉइंट, प्लग, बॅटरी मिळून २१,५८०. पहिल्या दुकानात बुडालेले ३,७००. एकूण २५,२८०. त्यातले ८,६३० हे गाडीच्या दुरुस्तीचेच होते.

मंगळवारी, २२ एप्रिलला, पहिल्यांदा मायसाठी वापरलं. मी सीटवर एक थर्मामीटर ठेवला होता. एक वाजता ४९ दाखवत होता. दहा मिनिटांनी ३६. जुन्या गाडीचा एसी उभ्या-उभ्या कमीच काम करतो, यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. डिझेल माझ्या अंदाजाने दीडशे मिलीच्या आसपास जातं. तिला बसवलं. तिने सीटवर हात फिरवला आणि म्हणाली, “आज गाडी मझार गार लागस.” म्हणजे आतून गार लागते. त्या दिवशी वाटेत तिने पाणी मागितलं नाही.

येताना मात्र जुनीच पद्धत. हॉस्पिटलच्या आवारात रिमोट वापरायचा नाही. डायलिसिस विभागातल्या मावशी दहा मिनिटं मायजवळ बसतात, मी खाली जाऊन स्वतः चालकाच्या सीटवर बसतो आणि एसी लावतो. संध्याकाळ झालेली असते, तरी गाडीत दिवसभराचं ऊन साठलेलं असतं आणि डायलिसिसनंतर तिचं बीपी उतरलेलं असतं.

काही गोष्टी वापरता वापरता कळल्या. शेड तीन बाजूंनी उघडं आहे म्हणून मी हे करू शकतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतेल, तिथे हे बसवूच नका. शेडच्या मागे आम्ही पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) रचून ठेवायचो, त्या तिथून हलवल्या, सायलेन्सरच्या तोंडाशी वाळलेलं काही नको. गाडी गॅरेजला देताना यंत्र बंद करून देतो, आणि बॉनेटच्या आत चिठ्ठी चिकटवली आहे : ही गाडी रिमोटवर सुरू होते, हात घालण्याआधी बॅटरी काढा. आणि गल्लीला आधी सांगायला हवं होतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी, २९ एप्रिलला, शेजारची आजी तुळशीला पाणी घालत असताना गाडी घरघरली. तांब्या टाकून ती ओट्यावर आली. “भाऊ, गाडीमा कोनी बठेल नही शे, अन् चालू कशी व्हयनी?” तिला बसवून, पाणी देऊन, रिमोट हातात देऊन सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी बहीण माहेरी आली तेव्हा तिला आणि तिच्या पोरांनाही आधी तेच दाखवलं. कोणतं बटन, कोणतं दार, आणि शेडखाली खेळायचं नाही.

आता बटन मी दाबत नाही. गाडीखाली सावलीला एक पिवळं कुत्रं झोपतं, त्याला मी आधी उठवतो. भोवती एक चक्कर मारतो, आजी तुळशीजवळ नाही ना ते बघतो, आणि अंगणातून हात वर करतो. माय खिडकीजवळच्या खाटेवर रिमोट घेऊन बसलेली असते. माझा हात दिसला की ती दाबते. पंधरा सेकंद हीटर, मग सेल, मग इंजिनचा आवाज. तो नीट लागला की ती चष्मा काढून डबीत ठेवते आणि उठण्यासाठी हात पुढे करते.